जिन्यावरची चौथी बाई

सोमवार, ९ मार्च
डेपो, दुपारी दीड

ताई,

जिन्यावरची चौथी बाई आईच आहे. आज सकाळी साडेदहाला यादीवालीने फोन करून नक्की सांगितलं. स्टुडिओची जुनी हजेरीवही तिच्या हाती लागली. त्या दिवशी जिन्यावर उभं राहायला चौघींना बोलावलं होतं. त्यातल्या तिघींना आईनेच ओळखलं होतं, स्वतःबद्दल मात्र "असेन किंवा नसेन, पाठ आहे ती, पाठीवर काय नाव लिहिलेलं असतं?" एवढंच म्हणत होती. वहीत चौथ्या ओळीत तिची सही निघाली. बाकीच्या तिघींचे अंगठे.

यादीवाली म्हणजे चित्रपट संग्रहालयातली ती मुलगी, जिच्याबद्दल तुला महिन्यापूर्वी लिहिलं होतं. जुन्या सिनेमांत मागे गर्दीत उभ्या राहिलेल्या बायकांचं ती पुस्तक करतेय. एका पानावर सिनेमातलं एक चित्र, खाली त्यातल्या बायकांची नावं. हिरोचं नाव सगळ्यांना पाठ असतं, कपडे शिवणाऱ्याचंही सुरुवातीच्या पाट्यांमध्ये येतं, गर्दीचं कुणी लिहीतच नाही, असं तिचं म्हणणं. नाव छापायला ज्याची त्याची सही लागते. जे हयात नाहीत त्यांच्यासाठी साक्षीदाराची. त्या तिघी हयात नाहीत, आणि साक्ष बरोबर उभ्या राहिलेल्या बाईचीच चालते, तशी सगळ्या शहरात आई एकटी उरली आहे. शुक्रवारी, वीस तारखेला यादी छापायला जाणार.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. नऊ वर्षांनी पत्र, आणि आठ ओळी. मोजायची सवय आहे, राग मानू नकोस. दिवसभर गाड्या किती वाजता सुटल्या ते लिहिण्याचाच मला पगार मिळतो. आठांपैकी दोन ओळी हवापाण्याच्या. उरलेल्या सहांचा अर्थ एवढाच, की आईला सही करू देऊ नकोस, कारण तुझ्या शाळेत, सासरी, सगळीकडे आई शिक्षिका होती असं माहीत आहे, आणि मुख्याध्यापिकेला असल्या गोष्टी परवडत नाहीत.

ताई, आई शिक्षिका होतीच. दीड दिवस. शाळेच्या सिनेमात फळ्याजवळ उभी होती. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर फळा दुसरीकडे नेला आणि शिक्षिकाही.

तुझ्या विनंतीला माझं उत्तर नाही असं आहे. मी आईला थांबवणार नाही. तुझं पत्र तिला दाखवणारही नाही. झाकून ठेवायची कला मलाही येते, एकाच आईच्या मुली आहोत.

नऊ वर्षांपूर्वीची तुझी बैठकीची खोली मला अजून दिसते. टीव्हीवर जुना सिनेमा लागला होता, तुझी सगळी सासरची मंडळी समोर, आणि आईने बोट दाखवून म्हटलं, "ती बघा, खिडकीतली, ती मी." तू हसलीस. "आईला थट्टेची फार सवय आहे," म्हणालीस आणि टीव्ही बंद केलास. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. वाटेत तिने एकच विचारलं, "मी खिडकीत नीट दिसत होते ना गं?"

येत्या रविवारी दिवसभर घरी सिनेमे आहेत. पूर्वीसारखे, दार लावून. यादीवाली वही घेऊन येणार, मामा येणार. तीन सिनेमे पाहायचे आणि आई किती मिनिटं किती सेकंदांवर दिसते ते लिहायचं: जिन्याचा, पुलाचा आणि बाजाराचा. त्यांची खरी नावं तुला आठवतात का? मला शाळेत असताना एका मुलीने विचारलं होतं, तो प्रसिद्ध सिनेमा पाहिलास का, आणि मी नाही म्हणाले. घरी आल्यावर कळलं, तो आपला पुलाचा. अकरा वेळा पाहिला होता. हिरो कोण ते मात्र बघायचं राहून गेलं होतं.

हे पत्र नेहमीप्रमाणे तुझ्याकडे येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. शाळेच्या दारात पोचेल. शिपायाने विचारलं कुणाचं, तर सांग थट्टा आहे.

— धाकटी


रविवार, १५ मार्च
घरी, दुपारी सव्वादोन

ताई,

दोन सिनेमे झाले. मामा पंख्याखाली घोरतोय, यादीवाली गॅलरीत फोनवर बोलतेय, आई आत आडवी झाली आहे. ती झोपलेली नाही, तिचा श्वास मला कळतो. तिसरा सिनेमा साडेतीनला.

सकाळी सात वाजताच आई डोक्यावरून न्हाऊन, पावडर लावून तयार होती. मी म्हटलं, "अगं, तू बघणार आहेस, दिसणार नाहीस." म्हणाली, "कामाला जाताना असंच जायचं असतं. मागच्या रांगेतल्या बाईचा वास पुढच्या बाईला येतो."

खिडकीला जाड चादर लावली, दोरीवरच्या चिमट्यांनी. मामा आल्या आल्या खिडकीशी गेला, चादरीतून कुठून उजेड येतो ते पाहिलं आणि तीन चिमटे हलवले. तीस वर्षं स्टुडिओत दिवे धरलेला माणूस, त्याला बसायला सांगून काय उपयोग. पहिल्यांदा आई जिन्यावर दिसली तेव्हा लगेच म्हणाला, "अक्का, दिसतेस ती माझ्या दिव्यामुळे, लक्षात ठेव."

"दिसते कुठे मेल्या, अर्धा कान दिसतोय!"

"पण कसा चमकतोय बघ ना!"

यादीवालीने तेवढ्यात सेकंद लिहून घेतले. पोरगी बिचारी सारखी हिरॉइनकडे बघत होती. आईने तिच्या गुडघ्यावर चापट मारली. "पुढे काय बघतेस? पुढे पैसे घेऊन रडताहेत ते. मागे बघ." मग तीही मागे बघायला लागली. तासाभरात सरावली. पुलाच्या सिनेमात हिरो नदीत उडी मारतो, तेव्हा ती उठून ओरडली, "ती टोपलीवाली! आधीच्या शॉटमध्ये डावीकडे होती!" आई मला म्हणाली, "झाली ही आपल्यातली."

जिन्यावरच्या तिघींची आपल्याला माहीत असलेली नावं आठवतात ना? लंबू, सुईण आणि रडूबाई. सुईण खरंच सुईण होती हे मला आज कळलं. पहाटे बाळंतपण उरकून कामावर यायची आणि उभ्या उभ्या झोपायची. म्हणून तिला नेहमी खांबाशेजारी उभं करत. रडूबाईला कधीही सांगा, दहा मोजायच्या आत डोळ्यांत पाणी. तिघींची खरी नावं आईने सांगितली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, आणि यादीवालीने लिहिलेलं पुन्हा वाचायला लावलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

तुझं पत्र आईने वाचलंय. मी दाखवलं नाही. डब्याच्या पिशवीत चेनच्या कप्प्यात ठेवलं होतं, आणि शुक्रवारी तिने पिशवी धुवायला घेतली. पत्र परत कप्प्यात होतं, पण घडी उलटी. आज दुसरा सिनेमा संपल्यावर यादीवालीने कागद पुढे केला, तर आईने पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"नको गं," म्हणाली. "उगीच कुणाचं तरी बिघडायचं."

"कुणाचं?" यादीवालीने विचारलं.

"आहे माझी एक. मोठी शाळा चालवते."

मामा म्हणाला, "अक्का, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"राहत नाही. पण ज्याने झाकलंय त्याची झोप मोडते ना."

यादीवालीने तिला समजावलं, की साक्षीच्या सहीशिवाय त्या तिघींची नावंही छापता येणार नाहीत. पानच जाईल. आई "हं" म्हणाली आणि आत जाऊन पडली.

तेव्हा ताई, तुझ्या आठ ओळींनी नेमकं काय साधलं ते तुला कळावं म्हणून हा हिशेब. एक सुईण, एक लंबू, एक रडूबाई आणि एक आई. आनंद झाला असेल तर आवरून ठेव. माझं अजून संपलेलं नाही.

— धाकटी


सोमवार, १६ मार्च
डेपो, सकाळी अकरा

ताई,

आईने सही केली. काल संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी, जिन्याच्या पानावर चारही जागी आणि बाजाराच्या पानावर पाचवी. मी, मामा आणि यादीवाली समोर होतो. ती का केली ते कळायला तुला शेवटपर्यंत वाचावं लागेल. पत्र अर्ध्यात फाडशील म्हणून आधीच सांगते, यात तू आहेस.

तिसरा सिनेमा बाजाराचा. आठवतं, आपण लहानपणी हा पाहायचो तेव्हा बाजार आला की आई उठायची? "दूध उतू जाईल," म्हणायची आणि आपल्या दोघींनाही ओट्याशी न्यायची, तू भांडी पूस, तू चमचे मोज. परत येईपर्यंत बाजार संपून लग्न सुरू झालेलं असायचं. त्या सिनेमात आई लग्नात दिसते, मांडवाच्या खांबाजवळ. बाजारात ती आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं. इतक्या वेळा पाहिला, आणि त्यातली चार मिनिटं दोघींनीही कधी पाहिली नाहीत.

काल बाजार आला. आई उठली. "दूध..."

"दूध फ्रिजमध्ये आहे, आई."

"मग चहा टाकते."

"आत्ताच झाला."

"अक्का, बस," मामा म्हणाला. त्याचा आवाज मी इतका खाली कधी ऐकला नव्हता. "बस आता. पन्नास वर्षं झाली."

आई बसली नाही, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पडद्यावर भाजीच्या टोपल्या, माणसं, मधून हिरो धावत जातो. उजव्या कोपऱ्यात, दुकानाच्या खांबापाशी, कडेवर मूल घेतलेली एक बाई. यादीवालीने चित्र थांबवलं.

ताई, आई एक्केचाळीस सिनेमांत आहे. एकातही कॅमेऱ्याकडे बघत नाही. गर्दीतल्या बाईने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, हा पहिला धडा. बघितलंस तर उद्यापासून येऊ नकोस. आई याबद्दल किती ताठ होती ते तुला माहीत आहे. आपल्या घरच्या फोटोंतही ती बाजूला बघते.

या एका चित्रात ती सरळ कॅमेऱ्यात बघते आहे. अशी, की यादीवाली खुर्ची मागे सरकवून बसली. एका हाताने तिने कडेवरचं मूल धरलंय, दुसऱ्या हातात एका माणसाचं मनगट आहे. त्या माणसाचं मनगटच तेवढं चौकटीत आलंय, बाकी माणूस बाहेर. मुलाच्या एका पायात मोजा आहे, दुसरा पाय उघडा. मूल रडत नाहीये. मूठ तोंडात घालून मजेत बसलंय.

"हे कोण?" मी विचारलं.

आई म्हणाली, "ठकू."

तू, ताई. दहा महिन्यांची.

बाबांची तेव्हा दिवसपाळी, तुला सांभाळायला कुणी नाही, म्हणून आई तुला घेऊन जायची. त्या दिवशी तिला एक वाक्य मिळालं होतं. सगळ्या जन्मात एकच. हिरो धावत येऊन विचारणार, आणि ती म्हणणार, "तो पुलाकडे गेला." तीन शब्द. महिनाभर ती ते म्हणत होती, भांडी घासताना, नळावर. पुढे उभी राहणार होती, चेहऱ्यावर दिवा. तो दिवा मामाच धरणार होता.

आणि दिग्दर्शकाला वाटलं, कडेवरचं मूल रडतंय असं हवं. सहायक आला आणि म्हणाला, चिमटा काढ. आई म्हणाली, नाही काढणार. तो म्हणाला, रडूबाईकडे दे, ती काढेल. रडूबाई म्हणाली, मी रडते हवं तर, पोराला कशाला? तेव्हा त्याने स्वतःच हात पुढे केला. आईने त्याचं मनगट धरलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की कॅमेरा सुरू झालाय. हिरोचं धावणं चांगलं झालं, म्हणून तो शॉट तसाच ठेवला. वाक्य लंबूला दिलं.

"पुढचे दोन महिने कुणी बोलावलं नाही," मामा म्हणाला. "नंतर बोलावलं ते मागच्या रांगेत. कायमचं."

मी आईला विचारलं, हे आम्हाला कधी का नाही सांगितलंस? ती दारातून हलली नव्हती.

"ठकूला कळलं असतं तर तिला वाटलं असतं, तिच्यापायी माझं वाक्य गेलं. पोर जन्मभर ते ओझं घेऊन फिरली असती. तिच्यापायी नाही गेलं. माझ्यापायी गेलं. मी नाही म्हणाले म्हणून गेलं, आणि पुन्हा विचारा, पुन्हा नाहीच म्हणेन."

मग तिने पेन मागितलं.

मामा म्हणाला, "आणि ठकूची झोप?"

"मोडू दे. तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाने सांगितलं तरी मी पोरीवर हात उचलला नाही. आता पोरीने आठ ओळी लिहिल्या म्हणून हात आखडू? तिला मला लपवायचंय, खुशाल लपवू दे. मी तिला लपवणार नाही."

सही करताना मी हात धरायला गेले तर कोपराने ढकललं. "सही माझी आहे."

हे सगळं मी तुझ्या नाकावर टिच्चून लिहितेय, पण एक कबुली मलाही द्यायची आहे. डेपोत वीस वर्षांत मीही कुणाला सांगितलं नव्हतं. आई काय करायची विचारलं की म्हणायचे, "नोकरी." तू शिक्षिका म्हणालीस, मी नोकरी म्हणाले. तुझं खोटं नेटकं होतं, माझं आळशी, एवढाच फरक. आज सकाळी ते चित्र मी सूचनाफलकावर लावलं, ड्यूटीच्या तक्त्याशेजारी. ड्रायव्हर मंडळी गाड्या सोडून उभी आहेत. एकाने विचारलं, "बाई, ही कुणावर एवढी चिडलीय?" म्हटलं, "माझ्या बहिणीला चिमटा काढणाऱ्यावर."

नऊ सत्तावनची गाडी दहा शून्य तीनला सुटली. उशिराचं कारण मी लिहिलेलं नाही.

त्याच चित्राची एक प्रत पाकिटात आहे.

— धाकटी


बुधवार, १८ मार्च
डेपो, दुपारी चार

ताई,

काल तुझ्या लेकीचा फोन आला. सोळा वर्षांची झाली, आवाज ओळखलाच नाही. "मावशी, फोटोतली आजी मला सापडली. पण बाळ कोण?"

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणाली शाळेला उशीर होतोय. रविवार होता असं मी म्हटलं असतं, पण खरंच मंगळवार होता."

हसली, आणि मग म्हणाली, "फोटो आईने तिच्या टेबलाच्या खणात ठेवलाय. खण उघडते, बंद करते. मला वाटतं ती रागावलीय. की नाही, कळत नाही."

मी तिला सांगितलं नाही. ते सांगायचं काम तुझं.

भावोजींचाही फोन आला होता. ते म्हणाले, "हे आपापसात मिटवता आलं असतं." मी म्हटलं, नऊ वर्षं आपापसातच होतं, मिटलं कुठे? त्यावर त्यांना दुसरा फोन आला.

आईला मी हे दोन्ही फोन सांगितले. लेकीच्या फोनचं पुन्हा पुन्हा विचारलं: काय म्हणाली, कशी म्हणाली, "सापडली" म्हणाली की "दिसली"? भावोजींचं एकदाही नाही. परवापासून ती आरशासमोर उभी राहून "तो पुलाकडे गेला" म्हणते. कालपर्यंत हळू म्हणायची, आज शेजारची म्हातारी दार उघडून विचारायला आली, कोण गेला? आई म्हणाली, "गेला एक. पन्नास वर्षं शोधताहेत."

आता कामाचं.

बाजाराच्या चित्राखाली दोन ओळी आहेत. पहिलीत आईचं नाव, सहीसह, पक्कं. दुसरी मुलाची. मूल हयात आहे, सज्ञान आहे, म्हणून त्याची साक्ष आई देऊ शकत नाही, मीही नाही. स्वतःच सही करावी लागते. कोरा कागद सोबत आहे, खूण केलेल्या जागी. तुझी सही नसेल तर तिथे "कडेवरचं मूल, ओळख पटलेली नाही" असं छापतील. पान जाणार नाही. आई कुठेही जाणार नाही. यादीवालीकडून मी हे दोनदा विचारून घेतलंय, कारण तुझ्या हातात पुन्हा काही थांबवण्याची ताकद ठेवायची नव्हती. जी ठेवली आहे ती फक्त तुझ्या स्वतःच्या नावाची.

मी तुला सही कर म्हणणार नाही. आईनेही निरोप दिलेला नाही. मी विचारलं होतं, काही लिहू का तुझ्याकडून? म्हणाली, "तिला तेव्हाही कुणाला रडवू दिलं नाही, आता आपण कशाला रडवायचं? कागद पाठव, बास."

हे पाकीट उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघेल. साडेदहाला ड्रायव्हर ते तुझ्या शाळेच्या दारात देईल, शिपायाकडे नाही, तुझ्या हातात. परतीची गाडी तुमच्या स्टँडवरून दुपारी एकला सुटते. संध्याकाळी यादीवाली डेपोत येऊन माझ्याकडून जे असेल ते घेऊन जाईल, आणि शुक्रवारी पाचला यादी छापखान्यात.

ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय: एक वाजेपर्यंत पाकीट मिळालं तर आणायचं. नाही मिळालं, तर कुणाची वाट न बघता गाडी वेळेवर काढायची.

— धाकटी